कुरणावरचा गोग्रास

आजी गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा दाढी करत होते. फोन मीच उचलला होता. काका पलीकडून नुसतं "दादाला दे" म्हणाले, त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. बाबा अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ऐकत राहिले, "हो" म्हणाले, "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि आत जाऊन उरलेली दाढी पूर्ण केली. तोपर्यंत आमच्या सनीव्हेलच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांत जास्त आवाज बाबांचाच असायचा. बडबड्या माणूस. अमेरिकेला येताना विमानात शेजारच्या बाईंना त्यांनी रुमालाच्या घड्या घालून कॉम्प्युटरची चिप कशी बनते ते समजावलं होतं, आणि त्या बिचाऱ्या झोपेचं सोंग घेईपर्यंत थांबले नव्हते. त्या सकाळपासून हा माणूस बोलायचा थांबला. घरात फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा व्हॅक्यूम क्लीनर ऐकू येऊ लागला. हे आवाज आधीही असतीलच, आम्हाला कधी ऐकायची वेळ आली नव्हती एवढंच.

ते अंत्यविधीला गेले नाहीत. जाता येत नव्हतं. ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते आणि वकिलाने बजावलं होतं की आत्ता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर परत यायची खात्री देता येणार नाही. नोकरी, घर, माझी शाळा, सगळं त्या कागदांवर टांगलेलं. थोरला मुलगा असून अग्नी धाकट्याने दिला. आई समजूत घालायची की अहो, तुमचा काय इलाज होता, त्यांनाही कळलं असेल. बाबा मान हलवायचे. आज माझं वय त्या वेळच्या आजीच्या वयाच्या जवळ आलंय आणि मला कळतं की ज्याचा इलाज नव्हता त्याचा अपराध सगळ्यांत जास्त चिकटून राहतो. चुकलेल्या माणसाला निदान माफी तरी मागता येते.

वर्ष झालं, वर्षश्राद्धाची तिथी आली. ती नेमकी वीकेंडला. कऱ्हाडला काका सगळं यथासांग करणार होतेच, पण बाबांनी एका संध्याकाळी जेवताना एकदम सांगितलं, "आपणही करू. इथे पार्किंग लॉटमध्ये नको. नदी पाहिजे." आईने विचारलं, कुठली नदी. त्यांनी ऑफिसमधल्या कोणाला तरी विचारून ठेवलं होतं. किनाऱ्याने उत्तरेला, जवळजवळ ओरेगनच्या हद्दीपर्यंत गेलं की पावसाचं जंगल लागतं, तिथे नदी आहे, नदीशेजारी लाकडी केबिन भाड्याने मिळतात आणि केबिनमध्ये स्वयंपाकघर असतं. वर्षभरात त्यांनी एका दमात इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.  निघायच्या दिवशी आईने उडदाची डाळ भिजत घातली.

आख्खा दिवस ड्राइव्ह करून आम्ही पोचलो. मी तेव्हा तेरा वर्षांची, मागच्या सीटवर वड्यांची डाळ वाटायचा मिक्सर मांडीवर धरून बसलेली आणि मनातून चरफडणारी, कारण शाळेतल्या मैत्रिणी त्या शनिवारी रोलर स्केटिंगच्या रिंकला जाणार होत्या. पण ते जंगल बघितलं आणि माझी चरफड गळून पडली. झाडं इतकी उंच की मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नव्हता, धुक्यात शिरलेला होता. पाऊस पडत नव्हता तरी सगळीकडे टपटप चालू होती. नेचे माझ्या खांद्यापर्यंत, ओंडक्यांवर हिरवी मऊ शेवाळं, वाटेवर केळ्याएवढ्या पिवळ्या गोगलगाई. काड्यापेटी सर्द झाली, मीठ ओलं झालं, आईची सुती साडी रात्रभर वाळत घालूनही सकाळी तशीच दमट. केबिनची मालकीण डोरोथी नावाची सत्तरीतली बाई होती, अंगावर पुरुषी स्वेटर, हातात कायम झाडू. तिने किल्ली दिली आणि सांगितलं की कुरणावर एल्क येतात, सप्टेंबरात नर माजावर असतात, तेव्हा कुंपणाच्या आतच राहा.

एल्क म्हणजे काय हे आम्हाला संध्याकाळी कळलं. आधी आवाज आला. खोल घशातून निघून वर वर चढत जाणारा आणि शेवटी कुकरची शिट्टी अडकावी तसा चिरकणारा. आईने खरोखरच गॅसकडे बघितलं. मग धुकं जरा हललं आणि कुरणभर जनावरं दिसली. सांबरासारखी, पण घोड्याएवढी. तपकिरी अंग, मान काळसर, मागचा भाग फिका. एकच नर, डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं घेऊन मिरवणारा, आणि बाकी सगळ्या बिनशिंगाच्या माद्या आणि त्यांची पाडसं, खाली माना घालून चरत असलेली. बाबा व्हरांड्यात उभे राहून किती तरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "गायीच दिसतात अगदी."

सकाळी आईने उठून अंघोळ करून सगळा स्वयंपाक केला. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, भोपळ्याची भाजी, पोळ्या. तो परका स्टोव्ह आणि दोनच भांडी, तरी तिने काही सोडलं नाही. बाबांनी धोतर नेसून नदीवर तर्पण केलं, पाणी इतकं गार की परत आले तेव्हा ओठ निळे होते. कावळ्याचं पान व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं तर कावळ्याच्या आधी एका निळ्या, तुऱ्याच्या पक्ष्याने वडा पळवला. आई म्हणाली, चालायचंच, इथले पितर निळे असतील. बाबा हसले. मग गोग्रास उरला. आमच्या आजीचं देवाधर्माचं फार नव्हतं, पण सकाळची पहिली पोळी गायीला दिल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे. गवळ्याची गाय आपणहून दारात येऊन उभी राहायची, आणि लहानपणी बाबांनी ती पोळी चोरून खाल्ली म्हणून एकदा त्यांना दिवसभर उपाशी ठेवलं होतं. श्राद्धाच्या दिवशी त्या आजीच्या नावाचा गोग्रास फ्रिजमध्ये ठेवायचा की कचऱ्यात टाकायचा, हा प्रश्न आईला आदल्या आठवड्यापासून पडला होता. तिने माझ्याजवळ बोलूनही दाखवलं होतं. आता बाबांनी तिच्या हातातून कागदी ताटली घेतली आणि कोणाला काही न सांगता कुंपणाकडे चालू लागले.

कुंपणाच्या खांबावर पाटी होती, ती मी मोठ्याने वाचली. जंगली प्राण्यांना खाऊ घालू नका. "आय नो," बाबा मागे न वळता म्हणाले, "ते चिप्स टाकणाऱ्यांसाठी आहे." मला हे उत्तर पटलं. आईलाही पटलं असावं, कारण ती पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी राहिली. कळपाच्या कडेला एक मादी होती, तिच्यामागे तिचं पाडस. बाबांनी ताटली कुंपणापलीकडे ठेवली आणि मागे सरले. बराच वेळ काही झालं नाही. मग ती मान लांब करून एकेक पाऊल टाकत आली, हुंगली, खिरीला नुसती जीभ लावली आणि पोळी उचलली. पोळीबरोबरचा गुळाचा खडा चघळताना तिने जबडा आडवा फिरवला, अगदी गायीसारखा. बाबा कुंपणाला धरून उभे होते आणि रडत होते. आवाज न करता, खांदे हलवत. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वर्षभराचं रडू होतं ते. आई पुढे झाली नाही, मलाही तिने दंडाला धरून थांबवलं. दुपारी जेवताना बाबांनी खीर तीनदा मागून घेतली आणि चोरलेल्या पोळीची गोष्ट रंगवून सांगितली. मी ती पूर्वी ऐकली होती, तरी पहिल्यांदा ऐकतेय अशी हसले.

एवढ्यावरच थांबलो असतो तर मला आज हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. पण दिवाळीला आम्ही परत गेलो. थँक्सगिव्हिंगला गेलो. नाताळच्या सुट्टीत मुसळधार पावसात गेलो. बाबा शुक्रवारी ऑफिसमधून लवकर यायचे आणि आईने आधीच जाड जाड पोळ्या करून, त्यात गूळ गुंडाळून डबा भरलेला असायचा. आईने त्या मादीचं नाव तांबू ठेवलं होतं. दुसऱ्या खेपेला तांबू कुंपणापाशी आली, तिसऱ्या खेपेला आमच्या टोयोटाच्या दाराचा आवाज ऐकून आली, नाताळात तर ती कुंपण ओलांडून केबिनच्या पायरीशी उभी होती आणि पाडस तिच्या पोटाखालून डोकं काढून आमच्याकडे बघत होतं. मी त्याला हाताने पोळी भरवली. त्याच्या नाकाचा ओला, गरम श्वास तळहाताला लागला आणि शाळेतल्या एकीच्याही नशिबात हे नाही म्हणून मी आनंदाने नाचले. आमची ही कौतुकं बघून शेजारच्या केबिनमधले पाहुणेही ब्रेड घेऊन येऊ लागले. बाबा त्यांना तांबूला काय आवडतं ते समजावून सांगायचे. त्यांचं बोलणं परत आलं होतं ना. घरी संध्याकाळी ते आजीच्या गोष्टी सांगत, आई पोळ्या लाटता लाटता दुरुस्त्या करी, वरच्या बाईंचा व्हॅक्यूम पुन्हा ऐकू येईनासा झाला. आमचं घर त्या हिवाळ्यात पुन्हा माणसात आलं, आणि त्याची किंमत कोण मोजत होतं याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. आईच्या आला असावा. एकदा परतीच्या वाटेवर ती म्हणाली होती, "फार माणसाळली हो ती." बाबा म्हणाले, "चांगलं आहे की."

पुढची खेप मार्चअखेरीला झाली. नेहमीसारखी गाडी लावली, दारं आपटली, आणि तांबू आली नाही. बाबांनी पुन्हा एकदा दार उघडून आपटलं. डोरोथी तिच्या व्हरांड्यातून खाली आली. झाडू नव्हता हातात, म्हणून तिला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. काही आठवड्यांपूर्वी शेजारच्या केबिनमध्ये एक कुटुंब उतरलं होतं. त्यातल्या बाई किराण्याची पिशवी घेऊन गाडीतून उतरल्या, आणि तांबूने येऊन सरळ पिशवीत तोंड घातलं. बाईंनी किंचाळून पिशवी ओढली. तांबू पुढचे पाय उचलून त्यांच्यावर गेली. खांदा मोडला, डोक्याला खोक पडली, हॉस्पिटलात राहावं लागलं. जंगलखात्याच्या रेंजरने तांबूला आधी हाकलून बघितलं, ती परत आली. मागे ट्रक लावून लांब पिटाळलं, तरी परत आली. शेवटी त्यांनी तिला कुरणातच गोळी घातली.

पाऊस पडत होता आणि आम्ही कोणी आडोशाला गेलो नाही. आईने डबा पोटाशी धरला होता. बाबा इंग्रजीत म्हणाले, "तिला मी खायला घातलं होतं." डोरोथी म्हणाली की खूप जण घालत होते, हिवाळाभर. बाबांनी मान हलवली. "इतरांनी नंतर घातलं. पहिला घास माझा."

डोरोथीने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघराची खिडकी इकडेच आहे. त्या सकाळी मी झाडू घेऊन तुम्हाला हाकलायला बाहेर आले होते. तुम्ही रडत होता. मी परत आत गेले." तिने आणखी एक वाक्य जोडलं, की आपण तेव्हा ओरडायला हवं होतं. तिचा चेहरा बघून मला आजी गेल्यानंतरचा बाबांचा चेहरा आठवला. म्हणजे आम्ही तिच्याही घरात तेच ओझं ठेवून गेलो होतो. त्या बाईने आमच्यावर दया केली, आणि तिलाही त्याबद्दल शरम वाटायची पाळी आणली आम्ही.

दारांचा आवाज मात्र ऐकला गेला होता. झाडांच्या कडेने पाडस आलं. आता ते चांगलं थोराड झालं होतं, पण एकटं होतं, आणि कळप पार पलीकडे असताना ते आमच्याकडे चालत येत होतं. डोरोथीने सांगितलं की हे रोजचंच झालंय, कोणतीही गाडी थांबली की येतं. रेंजर म्हणालाय की हे असंच चाललं तर त्याचंही तेच करावं लागेल. बाबांनी विचारलं, मग करायचं काय. ओरडायचं, भांडी वाजवायची, दगड मारायचे, ती म्हणाली. माणसाची भीती बसली तरच ते कळपात राहील.

बाबांनी खाली वाकून वाटेवरची खडी मुठीत घेतली. पहिला दगड त्यांनी असा टाकला की तो पाडसाच्या पुढ्यात पडला. पाडसाने मान खाली घातली आणि तो दगड हुंगला. पोळी समजून.  आई मागे वळून केबिनच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी दुसरा दगड उचलला, तो त्याच्या खांद्यावर बसला. पाडस दचकून बाजूला झालं आणि पुन्हा आमच्याकडे बघू लागलं, काही तरी चुकून झालं असेल असं. मग बाबा ओरडले, मराठीतच. "जा! जा इथून! आमच्याकडे येऊ नकोस!" एकामागून एक दगड मारत ते कुरणात शिरले. त्यांनी मला हाक मारून भांडं वाजवायला सांगितलं. मी आतून पातेलं आणि उलथणं आणलं आणि जीव खाऊन वाजवत राहिले, रडत रडत, कारण हात थांबला तर त्याला गोळी घालतील हे मला तेराव्या वर्षी पुरतं समजलं होतं. आपल्याच हाताने ज्याला भरवलं त्याला घाबरवण्यासारखं दुष्ट काम दुसरं नाही. आणि तेच त्या घटकेला करण्यासारखं एकमेव चांगलं काम होतं. पुढच्या आयुष्यात मला बऱ्याच अवघड गोष्टी कराव्या लागल्या, मुलांच्या बाबतीत, आईच्या शेवटच्या आजारपणात, पण इतकी अवघड नाही.

शनिवारी दिवसभर ते चाललं. पाडस झाडीत जायचं, थोड्या वेळाने परत यायचं, आणि बाबा पायरीवरून उठायचे. त्यांनी जेवण घेतलं नाही. पोळ्यांचा डबा आईने उघडलाच नाही, आम्ही दोघी डोरोथीने दिलेलं सूप प्यालो. रविवारी सकाळी धुकं होतं. बाबा एकटे बाहेर गेले आणि गाडीचं दार उघडून जोरात आपटलं. मी खिडकीतून बघत होते. कुरणाच्या टोकाला एक मान वर झाली. पाडसाने बाबांना बघितलं, क्षणभर उभं राहिलं, आणि वळून जे पळालं ते कळपात घुसेपर्यंत थांबलं नाही. बाबांनी हातातली खडी खाली टाकली आणि तळहात पँटला पुसले. आत आल्यावर त्यांनी आईला एवढंच सांगितलं की झालं, आता निघू.

परतीच्या वाटेवर समुद्र दिसू लागला. मग आईने हलकेच विचारलं, "सप्टेंबरला श्राद्धाचं काय करायचं? इथेच यायचं ना?" तिला वाटलं असावं की बाबा आता पुन्हा गप्प होतील, त्यापेक्षा जखमेवरची खपली आत्ताच निघालेली बरी. पण बाबा गप्प झाले नाहीत. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुधाची पिशवी आणायची का विचारावं तसा.

"नाही. आईच्या वेळी मी जायला हवं होतं, गेलो नाही. या पाडसासाठी मला एवढंच करता येण्यासारखं आहे, की इथे परत कधी यायचं नाही."

आणि आम्ही कधी गेलो नाही.